झाकण उघडायला मुहूर्त लागतो का?

पंपाचा फिल्टर परत बदललास? या पावसाळ्यात कितव्यांदा? आणि काढलेला जुना फिल्टर कुठे आहे? फेकून दिलास. कापून आत पाहिलंस? नाही. बोट फिरवून पाहिलंस, बुळबुळीत तपकिरी थर होता की गंजाची कोरडी पूड होती? तेही नाही. मग केलंस काय? नवा फिल्टर लावलास, नोझल पुन्हा जोरात धावायला लागलं, गिऱ्हाईक ओरडायचं थांबलं आणि तू मोकळा झालास. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! आजार टाकीत आहे आणि तू औषध फिल्टरला देतोयस.

वर मला सांगतोस, ‘सर, डेपोतूनच माल खराब येतोय.’ असं? त्याच डेपोचा माल पलीकडच्या पंपावरही उतरतो ना? मग त्याचे फिल्टर का तुंबत नाहीत? हा प्रश्न तुला सुचला नाही असं मी मानणार नाही. सुचला होता. उत्तर तुझ्याच टाकीत सापडेल म्हणून तू तो विचारला नाहीस. टँकर रिकामा करण्याआधी नमुना काढतोस, तेव्हा तो काचेच्या बरणीत उजेडापुढे धरून पाहिलास कधी? तिथं तो स्वच्छ होता आणि तुझ्या टाकीच्या तळाशी गढूळ झाला, तर खराब माल कोण करतंय? डेपो की तू?

टाकीच्या तळाशी काय घडतं ते तुला ठाऊक आहे. रसायनशास्त्राचा पदवीधर आहेस, अडाणीपणाचं सोंग माझ्यापुढे आणू नकोस. जंतू वाढतात पाण्यात आणि खातात इंधन. पाणी आणि इंधन जिथं एकमेकांना टेकतं, तिथं त्यांची वस्ती होते. त्यासाठी बादलीभर पाणी लागत नाही. तळावरचा दोन-चार मिलिमीटरचा थर पुरतो, वेल्डिंगच्या सांध्यात अडकलेली ओलसुद्धा पुरते. आणि पाणी येतं कुठून, हे विचारू नकोस. व्हेंट पाइपातून टाकी दमट हवा आत ओढते आणि आतल्या गार पत्र्यावर तिच्यातल्या ओलाव्याचं पाणी होतं. फिल पाइपच्या झाकणाचं रबर फाटलेलं आहे, ते तू तीन वेळा ‘बघू’ म्हणालास. डिझेलमध्ये विरघळलेलं थोडं पाणी माल गार होताना सुटतं आणि खाली बसतं. कोकणातला पाऊस तुला नवीन आहे का?

मग बॅक्टेरिया, यीस्ट, बुरशी मिळून तळाशी चिकट थर बनवतात. ते आम्लं सोडतात. थराखाली प्राणवायू संपतो आणि तिथं सल्फेटवर जगणारे जंतू कामाला लागतात. ते हायड्रोजन सल्फाइड सोडतात आणि लोखंडाचं काळं सल्फाइड होतं. पत्रा सगळीकडून सारखा झिजला असता तर एक वेळ परवडलं असतं. इथं तसं होत नाही. इथं एकाच जागी खड्डा पडतो आणि तो खोल खोल जातो. बाकीचा पत्रा खणखणीत, आणि टाचणीएवढ्या भोकातून डिझेल जमिनीत. ‘टाकीला अजून काही झालेलं नाही’ हे तू कशाच्या जोरावर म्हणतोस? तू तळ पाहिलायस?

‘सर, डिझेलमध्ये काय जगणार?’ हे वाक्य तुझ्या तोंडी शोभत नाही. सल्फेटवर जगणारे जंतू जमिनीतलं लोखंड खातात, हे व्होन वोल्झोगेन क्यूर आणि व्हान डेर व्लुग्ट या दोघांनी हॉलंडमध्ये १९३४ साली मांडलं. त्यानंतरच्या पिढीत जेट विमानं आली, तेव्हा त्यांच्या पंखांतल्या इंधनटाक्यांत बुरशीचे गोळे सापडले आणि त्याखालचं ॲल्युमिनियम खाल्लेलं निघालं. त्या बुरशीचं नाव हॉर्मोकोनिस रेझिनी. लोक तिला केरोसीनची बुरशी म्हणतात, इतकी ती इंधनात रुळलेली आहे. विमानवाले टाकीच्या तळाचं पाणी नेमाने काढून पाहतात. तुझा पंप जमिनीवर आहे म्हणून तुला सूट आहे का?

आता तुझं आवडतं कारण: ‘माझी टाकी नवी आहे.’ दुसरं त्याहून आवडतं: ‘त्रास असता तर कळलं असतं.’ दोन्हींचं उत्तर एकाच अहवालात आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१६ साली जमिनीखालच्या डिझेल टाक्यांची पाहणी प्रसिद्ध केली. चालू स्थितीतल्या ४२ टाक्या आतून तपासल्या. त्यांतल्या ३५ टाक्यांत मध्यम किंवा गंभीर गंज निघाला, म्हणजे ८३ टक्के. मालकांना आधी विचारलं होतं, तुमच्याकडे गंज आहे का? ज्यांना त्याची खबर होती असे मालक चौथा हिस्साही नव्हते. परत वाच. दहातल्या आठ टाक्यांत गंज, आणि चारांतल्या एकालाही पत्ता नाही. ती माणसं बेअक्कल नव्हती. तुझ्यासारखीच होती. त्रास असता तर कळलं असतं, असंच त्यांनाही वाटत होतं.

आणि ‘मग फायबरग्लासची टाकी बसवतो’ म्हणून छाती फुगवू नकोस. त्या पाहणीत फायबरग्लासच्या टाक्याही होत्या, आणि त्यांच्या आतल्या धातूच्या भागांवर गंज होता. टाकी फायबरची असली तरी पंपाचा दांडा, पाइप, फ्लोट, झडपा कशाच्या आहेत? टाकी भरत आली की माल अडवणारी झडप गंजून उघडीच राहिली, तर टँकर उतरताना काय होईल? आग लागली किंवा गाडीने धडक दिली, तर डिस्पेन्सरखाली लाइन बंद करणारी झडप गंजून अडकली असेल, तर काय होईल? गळती दाखवणारं यंत्रच गंजलं, तर गळती कोण दाखवणार? ज्या उपकरणांच्या भरवशावर तू रात्री झोपतोस, नेमकी तीच निकामी होऊ शकतात. त्या अहवालानेही हाच इशारा दिला.

नेमकं एकच कारण त्या पाहणीत हाती लागलं नाही, हेही खरं. पण पाणी आणि बारीक कण यांच्याकडे बोट होतं. ज्यावर बोट आहे, ते तरी तुझ्या हातात आहे ना? आता इंधनाचंही ऐक. १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे बीएस-सहा इंधन आलं. गंधकाचं प्रमाण दहा लाख भागांत ५० वरून १० वर आलं. हवेसाठी उत्तम झालं. पण जुन्या, जास्त गंधकाच्या डिझेलच्या काळातल्या सवयी धरून बसायचं आता कारण उरलेलं नाही. इंधन बदललं, तू बदलला नाहीस.

आता डिझेल सोड, पेट्रोलकडे ये. पेट्रोलच्या टाकीवरचा संप, म्हणजे पंपाच्या माथ्याभोवतीचा कप्पा, शेवटचा कधी उघडलास? आठवत नाही ना? मग मी सांगतो आत काय आहे. झाकणाच्या आतल्या बाजूला थेंब लटकलेत आणि त्यांच्या खुणा तपकिरी पडल्यात. पंपाच्या माथ्यावर गंजाचे पापुद्रे आलेत, नखाने उचलले तर सुटतात. तांब्याची नळी हिरवट-निळी पडली आहे. तळाशी बोटभर पाणी. आणि वास? नीट आठव. पेट्रोलच्या वासाआडून एक आंबट, नाकात जाणारा वास येतो. मागच्या वेळी कामगार म्हणाला होता, ‘साहेब, व्हिनेगारसारखं काहीतरी येतंय.’ तू म्हणालास, ‘पावसाळ्यात येतो असा वास.’

पावसाळ्यात येतो? दुपारपर्यंत ठेवलेली माडी आंबते आणि पुढे तिचा शिरका होतो, हे कोकणातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. तेच जंतू, तेच काम. पेट्रोलमध्ये इथेनॉल आहे. आता ते २० टक्क्यांवर गेलंय, आणि त्यातलं काही साखर कारखान्यांकडून येतं याचा तुला अभिमानही आहे. त्या इथेनॉलची वाफ संपात साचते. तिथं ओल आहे, हवा आहे. ॲसेटोबॅक्टरसारखे जंतू त्या इथेनॉलचं ॲसेटिक आम्ल करतात. ते आम्ल वाफेसारखं झाकणावर, पंपाच्या माथ्यावर, नळीवर बसतं. अमेरिकेतल्या बोल्डरच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेने पोलादाचे आणि तांब्याचे तुकडे अशा वातावरणात ठेवून पाहिले आणि २०१४ साली निष्कर्ष मांडले. जंतूंनी दोन्ही धातू खाल्ले. तुझ्या संपात दोन्ही धातू आहेत. आणि तू वासाला पावसाळा म्हणतोस!

इथेनॉल वाईट आहे असं मी म्हणत नाही. उगाच ते निमित्त पुढे करू नकोस. इथेनॉल असलेला संप कोरडा ठेवावा लागतो, एवढंच म्हणतो. झाकणाचं रबर बदलायला किती पैसे लागतात? पाणी उपसायला किती वेळ? अमेरिकेत २०१५च्या नियमांनी फिल पाइपभोवतीची बादली दर ३० दिवसांनी आणि संप वर्षातून एकदा तरी उघडून पाहणं सक्तीचं केलं. वर्षातून एकदा! तुझ्याकडे तेवढाही मुहूर्त निघत नाही?

‘पण सर, वॉटर पेस्ट लावून रोज डिप घेतो. पाणी दाखवत नाही.’ हे तुझं ब्रह्मास्त्र. बघू या. डिप रॉड तू कुठून सोडतोस? फिल पाइपमधून. टाकी कुठल्या बाजूला झुकलेली आहे? तुला माहीत नाही. पाणी सखल टोकाला साचलंय आणि तू उंच टोकाला रॉड टेकवून ‘नाही’ म्हणतोस. आणि पेट्रोलमध्ये पाणी जास्त झालं की ते इथेनॉललाही ओढून घेतं आणि दोघं मिळून तळाला बसतात. तो थर जुन्या साध्या पेस्टला नीट दिसत नाही. इथेनॉलमिश्रित पेट्रोलसाठी वेगळी पेस्ट मिळते. तू कुठली वापरतोस? ट्यूबवर लिहिलेलं वाचलंस?

आणि ते तुझं रजिस्टर. जून ते सप्टेंबर पाण्याच्या रकान्यात रोज ‘निरंक’. एकाच शाईने, एकाच हाताने, एका दमात लिहिलेलं. मला काय दिसत नाही? डिप घेऊन लिहिलेलं पान आणि खुर्चीत बसून भरलेलं पान, दोन्ही मी एका नजरेत ओळखतो. तू कंपनीच्या निरीक्षकाला फसवलंस असं तुला वाटतं. फसवलंस स्वतःला. उद्या नोझल बंद पडलं, की मागे कुठल्या महिन्यापासून पाणी वाढत होतं हे शोधायला तुझ्याकडे एकही खरा आकडा नसेल. मांजर डोळे मिटून दूध पितं, पण तुझ्या टाकीतल्या जंतूंना डोळेच नाहीत. तू बघ किंवा बघू नकोस, त्यांचं काम चालूच राहणार.

आता ऐक. बहाणे संपले, काम सुरू.

रोज सकाळी पाच लिटरचं माप घेतोस ना? माप बरोबर भरतं की नाही तेवढंच पाहतोस. ते किती सेकंदांत भरतं, हे का लिहीत नाहीस? नोझल पूर्ण उघडून रोज सेकंद लिही. नव्या फिल्टरवर किती आणि पंधरा दिवसांनी किती? वेळ वाढत गेली की टाकी तुझ्याशी बोलतेय, हे समज. यासाठी यंत्र लागत नाही, मनगटावर घड्याळ आहे. काढलेला फिल्टर फेकू नकोस. त्यावर तारीख आणि नोझलचा नंबर लिही, कापून उघड आणि पाहा.

महिन्यातून एकदा तळाचा नमुना काढ. मधला नव्हे, वरचा नव्हे, तळाचा. सखल टोकाकडून. तळाला टेकल्यावर उघडणारी नमुन्याची पितळी नळी मिळते, ती आण. टँकर उतरल्यावर लगेच काढू नकोस, सगळं घुसळलेलं असतं. स्वच्छ, पारदर्शक काचेच्या बाटलीत ओत आणि थोडा वेळ स्थिर ठेव. मग उजेडापुढे धर. वर स्वच्छ डिझेल, खाली गढूळ तपकिरी पाणी, आणि दोघांच्या मध्ये एक जाळीदार, शेवाळासारखा पदर. बाटली तिरकी कर. तो पदर काचेला चिकटून हळूहळू ओघळतो. गंजाची नुसती पूड असेल तर ती खाली बसेल, चिकटणार नाही. पदर चिकटला तर ती जिवंत वस्ती आहे. पाण्याला कुजक्या अंड्याचा वास आला, पाणी काळं निघालं, तर समज की सल्फेटवाले जंतू पत्र्यापर्यंत पोहोचलेत. त्या पाण्यावर पीएच पट्टी बुडव. आम्ल दाखवलं तर टाकीला कोण खातंय, हे मला विचारायला येऊ नकोस.

डोळ्यांना दिसेपर्यंत उशीर झालेला असतो, हेही तुला माहीत आहे. म्हणून प्रयोगशाळेची चाचणी. एटीपीची चाचणी काजव्याच्या अंगातल्या द्रव्यावर चालते. जिवंत पेशी असतील तितका उजेड पडतो आणि उत्तर काही मिनिटांत मिळतं. एएसटीएम डी ७६८७ ही त्याची पद्धत. जंतू वाढवून मोजायची चाचणीही आहे, तिला काही दिवस लागतात. पण एक आकडा घेऊन नाचू नकोस. आज काय, तीन महिन्यांनी काय, पावसाळ्यानंतर काय, हे ओळीने मांडलं तरच अर्थ लागतो. बाटली निर्जंतुक हवी, हात स्वच्छ हवेत, नमुना उन्हात टेबलावर पडून राहता कामा नये. ‘महाग पडतं’ म्हणशील. टाकी खणून काढायचा खर्च विचार, मग मला महाग काय ते सांग.

आणि औषध! एका रात्री कुणाचं तरी ऐकून टाकीत जंतुनाशक ओतलंस, मोजमाप न करता, तळाचं पाणी न काढता. काय झालं? मेलेला थर सुटला आणि सगळे फिल्टर एकदम तुंबले. राहिलेल्या पाण्यात जंतू पुन्हा वाढले. पडलेला खड्डा औषधाने बुजत नाही. आधी पाणी काढ, मग तळ साफ कर, मग जाणकाराकडून मोजून औषध, आणि नंतर पुन्हा चाचणी. क्रम उलटा केलास तर पैसे पाण्यात. आणि काढलेलं पाणी मागच्या गटारात सोडतोस, ते मी ऐकलंय. ते पाणी नाही, विषारी कचरा आहे. तो भरून, अधिकृत माणसाच्या ताब्यात द्यायचा.

एक ताकीद मात्र कान उघडे ठेवून ऐक. झाकण उघड म्हणालो, आत उतर म्हणालो नाही. संपात वाकून डोकं घालायचं नाही. टाकीत उतरायचं काम परवानगी असलेल्या माणसांचं, वायू तपासल्याचा दाखला हातात आल्यावरच. पेसोचे, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षेच्या सरकारी संस्थेचे, नियम नागपूरहून तुला त्रास द्यायला निघालेले नाहीत. कोवळ्या कामगाराला दोर बांधून खाली सोडशील आणि ‘दोनच मिनिटांचं काम’ म्हणशील, तर पुन्हा माझ्या दारात उभा राहू नकोस.

हे सगळं मी गिऱ्हाइकाच्या गाडीसाठी बोलतोय असं तुला वाटतं? तुझा पंप जांभ्यावर उभा आहे. जांभा भोकांचा दगड आहे. त्यात मुरलेलं डिझेल तुझ्या कुंपणाशी थांबत नाही. उताराला वाडी आहे, वाडीत विहिरी आहेत. पाण्यावर तेलाचा तवंग आला तर ती माणसं उद्या टँकरच्या पाण्यासाठी रांगेत उभी राहतील. त्यांना तू ‘डेपोचा माल खराब होता’ सांगणार? टाकीतला खड्डा लहान असताना सापडला तर तुझं नुकसान. उशिरा सापडला तर वाडीचं. हा हिशेब तुला मांडता येत नाही, असं म्हणायची माझी तयारी नाही.

तुला येत नसतं तर मी शिकवलं असतं, रागावलो नसतो. तुला जंतू कळतात, आम्ल कळतं, खड्डा कसा पडतो ते कळतं. वर्गात तूच फळ्यापाशी येऊन हे समजावून सांगायचास. मग स्वतःच्या टाकीपाशी आल्यावर तुझं ज्ञान कुठे जातं? कंटाळ्याला तू ‘अनुभव’ म्हणतोस, भीतीला ‘काही होत नाही’ म्हणतोस. तू तपासत नाहीस, कारण काही सापडलं तर काम करावं लागेल. एवढंच आहे. बाकी सगळ्या सबबी.

उद्या सकाळी संपाचं झाकण उघड. सोमवारपर्यंत दोन्ही टाक्यांच्या तळाचे नमुने काढ, बाटल्या ऑफिसात आणून त्यांचे फोटो घे आणि नोझलच्या सेकंदांच्या पानासकट मला पाठव. जे दिसेल ते पाठव, घाण असली तरी पाठव. कारणं पाठवू नकोस. ती मला पाठ आहेत.